आक्काची निगेटिव्ह

आमच्या जामखेडच्या बाजूला माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी त्याचं आधार कार्ड घेऊन माझ्या स्टुडिओत येतं. "एवढा मोठा करून द्या, दहाव्याला लागतोय." आधारचा फोटो कसा असतो ते सगळ्यांनाच माहीत आहे. पोलिसांनी पकडून आणल्यावर काढल्यासारखा. मी त्याच्या मागे निळं आभाळ लावतो, टोपी सरळ करतो, डोळे जरा उघडतो आणि रंग थोडा उजळ करतो. हे शेवटचं न सांगताच करायचं असतं. नाही केलं तर माणसं फोटो हातात घेऊन नुसती उभी राहतात आणि मग हळूच म्हणतात, "जरा अंधारा वाटतोय का?" अंधारा म्हणजे काळा. आमच्याकडे मेलेल्या माणसालाही काळं राहायची परवानगी नाही.

हा स्टुडिओ वडिलांनी सुरू केला. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि तळहाताहून जराशी मोठी निगेटिव्ह. आष्टी, कर्जतकडची माणसंसुद्धा फोटो काढायला त्यांच्याकडे यायची, आणि ती कॅमेऱ्यासाठी नव्हे तर पेन्सिलीसाठी यायची. पेन्सिलीचं टोक सुईसारखं लांब करून तात्या निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक काम करत. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे फोटोत उजेड येतो. देवीचे व्रण जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची, आणि लग्नाची मुलगी असेल तर सावळा रंगही जायचा. स्थळाला पाठवायचा फोटो तात्यांकडूनच काढायचा, असं आयाबायांचं ठरलेलं असायचं.

मी रंगीत फोटोंच्या काळातला. माझ्या हाताला पेन्सिल लागली नाही आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आपल्या लग्नाचा अल्बम घेऊन आलं. फोटो मीच काढले होते. बाकीचे रंग उडून गेले होते. नवरी लाल, नवरा लाल, अक्षता लाल, भटजी तर शेंदूर लावलेल्या मारुतीसारखा. "हे असंच होत असतं का?" त्याने भांडण न करता विचारलं. भांडला असता तर बरं झालं असतं. मला ते फार लागलं. आपण जन्मभर लोकांना जे विकलं ते त्यांच्या भिंतीवर राहिलं नाही.

त्यानंतर मी पुण्यात एका माणसाकडे जाऊन प्लॅटिनम-पॅलेडियमचे फोटो करायला शिकलो. बायको म्हणाली, "पासपोर्ट फोटोला कुत्रं फिरकत नाही आणि यांना प्लॅटिनम सुचतंय." तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी एकदा हट्टाला पेटलो की पेटलो.

या फोटोला तयार कागद मिळत नाही. लोखंडाचा क्षार आणि पॅलेडियमचा क्षार थेंब मोजून मिसळायचे आणि ते पाणी ब्रशने जाड कागदाला आपणच लावायचं. मंद दिव्यात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात धरायचं. नंतर औषधात घातलं की पॅलेडियम धातू होऊन कागदाच्या धाग्यांत बसतो. तो उडत नाही, कारण उडून जायला त्यात रंगच नसतो. कागद टिकेल तोवर फोटो टिकतो. पॅलेडियम हे प्लॅटिनमचं धाकटं भावंड, रंगाने जरा तपकिरी आणि माझ्यासारख्याला झेपणारं. निगेटिव्ह जेवढी असेल तेवढाच फोटो निघतो, तो मोठा करता येत नाही. आणि मला ज्याने वेड लावलं ती गोष्ट वेगळीच. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या जेवढ्या छटा या कागदावर उमटतात तेवढ्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. सावळा माणूस सावळाच येतो, आणि त्या सावळेपणातही त्याचं कपाळ वेगळं असतं, गाल वेगळा असतो.

पुण्यात जमलं ते जामखेडात जमेना. फोटो खरखरीत आणि दुबळे यायचे. पुण्याला फोन केला तर तो माणूस म्हणाला, "तुमच्याकडची हवा कोरडी आहे. कागदाला जरा ओल द्या." म्हणजे ज्या गावात माणसं टँकरची वाट बघतात तिथे कागदालाही पाणी पाजायचं. मी न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून दोरीवर कागद टांगायला लागलो. फोटो धुवायचं पाणीही जारचं विकत आणतो, कारण नळाच्या पाण्यात क्षार फार, फोटोला पिवळी झाक येते. गेली काही वर्षं हे असं चाललं आहे. गिऱ्हाईक म्हणाल तर पुण्या-मुंबईचं एखाद-दुसरं.

आक्का आली ती बाजारच्या दिवशी. आक्का ही माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. जवळच्याच गावात तिची शेती आहे, मुलगा-सून आहेत, दाजी जाऊन काही वर्षं झाली. ती दुकानात आली की आधी पाणी मागते, मग चहा, मग भावजयीची चौकशी. त्या दिवशी पाणीही न मागता तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ही पोरगी कोन हाय, सांग."

"तुझी नात आहे की."

"माझी नात अशी हाय व्हय? दुधात बुडवून काढल्यावानी?"

नात नगरला कॉलेजात शिकते. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि तिने मोबाईलवरच आपला फोटो काढून पाठवला होता. हल्ली त्याला स्टुडिओ लागत नाही, मोबाईल न विचारता माणसाला गोरं करतो. नातीचा रंग आक्काचा. मधली एक पिढी सोडून तो परत आला, आणि त्याच्याबरोबर आक्काचं रुंद कपाळही आलं.

"तिला म्या म्हनलं," आक्का स्टुलावर बसत म्हणाली, "कशाला आसले फोटू धाडतीस, मी बी तुझ्याच रंगाची हाय, माझं काय आडलं का? तर म्हनली, आजी, आता उन्हातान्हात काम करून झालीस तशी. तुझा लग्नाच्या आधीचा फोटू गोराच हाय की."

तो फोटो मला चांगला माहीत होता.

"काय बोलू तिला? फोटू तर तिथं भितीवर टांगलेला हाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "आन् खरं सांगू का बारक्या, मी तवा कशी दिसत हुते ते माझं मलाच म्हाईत न्हाई. घरात आरसा तळहाताएवढा, त्यात कुकवापुरतं कपाळ दिसायचं. फोटू काय त्यो येकच, त्यो बी आसला. तरनी हुते तवाचं माझं त्वांड म्या कदी बघितलंच न्हाई."

आक्का रडकी बाई नाही. विहिरीत मोटार अडकली तर ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. पण मी तिचा भाऊ आहे. तिला काय हवं होतं ते मला कळलं.

तो फोटो तात्यांनी तिच्या स्थळासाठी काढला होता. लंबगोलात छातीपर्यंतचा भाग कापून काढलेला, मागे धुकं, आणि मधे एक गोरीपान मुलगी. त्या फोटोवर स्थळ आलं. बघायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, आक्काकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत आक्काकडे बघितलं. तेव्हा मी शाळेत जात नव्हतो, हे सगळं मी ऐकलेलं आहे. लग्न मोडलं नाही, कारण तात्यांना गावात मान होता आणि शब्द गेलेला होता. पण आक्काच्या सासूने जन्मभर तिला एकच प्रश्न विचारला, "फोटूतली कुठं ठिवली गं?" भाकरी करपली तरी हाच प्रश्न, दूध उतू गेलं तरी हाच. आल्यागेल्याला ती फोटो दाखवायची आणि मग आक्काला चहा घेऊन बाहेर बोलवायची. दाजी त्यात बोलले नाहीत, बायकोच्या बाजूनेही नाही आणि आईच्या बाजूनेही नाही. म्हातारीच्या मागे हे सगळं संपलं, पण फोटो भिंतीवर राहिला. उतरवायचा कोणी, हा प्रश्न होता.

तात्यांच्या निगेटिव्हचे खोके स्टुडिओच्या माळ्यावर होते. निम्म्यांना बुरशी लागली होती, काही एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. आक्काची मात्र वेगळ्या पाकिटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, चांगली राहिली होती. मी ती खिडकीशी धरली. निगेटिव्ह सरळ धरली तर काही कळत नाही. जरा तिरकी केल्यावर चेहऱ्याच्या जागी शिसं चकाकलं.

आधी आहे तशीच पॅलेडियमवर उतरवून बघितली. आणि माझी चांगलीच जिरली. जुन्या चकचकीत कागदावर जी सफाई लपून गेली होती ती या कागदाने लपवली नाही. गळा सावळा, कान सावळे आणि मधे पिठाचा मुखवटा. आणखी एक झालं. लंबगोलात कापलेला खालचा भाग या फोटोत पहिल्यांदाच आला. आक्का खुर्चीत बसली होती आणि मांडीवर हात होते. तिथे पेन्सिल फिरली नव्हती, कारण तो भाग कोणाला दिसणारच नव्हता.

पुढच्या बाजारी आक्का आली तेव्हा तो फोटो मी तिच्यापुढे ठेवला. ती चेहऱ्याकडे बघेचना. बोट हातांवर ठेवून म्हणाली, "हात माझं हायेत. ह्यो मनगटाला चुलीचा डाग, बघ. आजून हाय." तिने बांगड्या मागे सारून डाग दाखवला. मग म्हणाली, "आता वरचं पूस."

"आक्का, हे पुसायचं म्हणजे खेळ नाही. पेन्सिल बसावी म्हणून तात्या आधी राळेचं पाणी लावायचे. ते टर्पेंटाइनने सुटतं, पण फिल्म इतकी जुनी आहे की त्याबरोबर फोटोचा थरही सुटून यायचा. मग काहीच राहणार नाही. निगेटिव्ह एकच आहे."

"मग?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी हाय," आक्का म्हणाली. "उघड. गेलं तर गेलं. त्ये पांढरं भूत ठिवून तरी काय करायचं?"

तिला मी बघतो म्हणून सांगितलं आणि पुढचे दोन बाजार काम आहे, कागद संपलाय, ऊन नाही, असली कारणं देत राहिलो. जामखेडात ऊन नाही म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? आक्कानेही ठेवला नाही. फिल्म जायची भीती खरी होती. पण तेवढंच नव्हतं.

मी ती निगेटिव्ह भिंगाखाली घातली होती. त्या दुकानात मी तात्यांची शेकड्यांनी कामं बघितली आहेत. गिऱ्हाइकाच्या कामात ते गालावर गोल गोल पेन्सिल फिरवून मोकळे व्हायचे. आक्काच्या चेहऱ्यावर मात्र केसाएवढ्या स्वल्पविरामांच्या ओळी होत्या, गालाच्या गोलाईने वळलेल्या. एक रेघ दुसरीवर चढलेली नव्हती. नाकाच्या शेंड्याशी त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की भिंगातूनही डोळे ताणावे लागत. त्यांनी असं काम दुसऱ्या कोणाचं केलेलं मी पाहिलेलं नाही. हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते त्यांनी आपल्या लेकीचं तोंड झाकायला केलं होतं. मला त्यांचा राग आला. आणि त्यांची मायाही मला त्यात स्पष्ट दिसत होती, त्यामुळे राग नीट करताही येईना. मुलीला चांगलं घर मिळावं म्हणून बाप हुंड्याला कर्ज काढतो, जमीन विकतो. तात्यांकडे पेन्सिल होती. ते पुसायचं म्हणजे त्यांचा हात पुसायचा, आणि तात्यांचं असं दुसरं काही माझ्याकडे राहिलेलं नाही.

शेवटी आक्का बाजार नसलेल्या दिवशी सकाळीच येऊन बसली. डबा घेऊन आली होती. म्हणजे आता ती काम झाल्याशिवाय उठणार नव्हती.

मी आधी माळ्यावरची एक बेवारस निगेटिव्ह घेतली, कोणा फेटेवाल्याची. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. पेन्सिल निघाली, फेटेवाला शाबूत राहिला. तसा थोडा धीर आला. मग आक्काची घेतली. कानाजवळून सुरुवात केली, कारण तिथे काही बिघडलं तरी चालण्यासारखं होतं, आणि तिथेच थराचा एक बारीक पापुद्रा सुटला. माझा हात थांबला.

"काय झालं?"

"कानाचा जरासा भाग गेला."

"कानाला काय करायचंय," आक्का म्हणाली. "फुडं हो."

बोळा घासायचा नसतो, नुसता टेकवून उचलायचा असतो. कापूस करडा झाला की नवा घ्यायचा. गाल, नाक, कपाळ आणि शेवटी डोळ्यांखालची जागा. तात्यांच्या त्या स्वल्पविरामांच्या ओळी एकेक करून कापसावर येत होत्या आणि मी ते कापूस पाटीत टाकत होतो. थर पुढे कुठे सुटला नाही. निगेटिव्ह तिरकी करून बघितली तेव्हा कुठेच चकाकी नव्हती.

मग कागदाला ओल दिली, क्षारांचं पाणी लावलं, वाळवलं, निगेटिव्हसकट काचेच्या चौकटीत दाबलं आणि ती चौकट घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. ऊन रणरणत होतं. आक्का टाकीच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसली. उन्हात धरलेल्या कागदावर फार काही दिसत नाही, पिवळ्यावर थोडं तपकिरी सावट येतं एवढंच. तिने दोनदा विचारलं, "आलं का?" आणि मी दोनदा नाही म्हणालो.

खाली येऊन कागद ट्रेमध्ये ठेवला. जुन्या कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा, आधी डोळे, मग केस, आणि माणसाला मनाची तयारी करायला वेळ मिळायचा. पॅलेडियममध्ये तसं होत नाही. औषध ओतलं की एका लाटेत सगळं येतं. मी ओतलं आणि खुर्चीत एक सावळी मुलगी आली. रुंद कपाळ, जाड भुवया, जरा पुढे आलेला खालचा ओठ, आणि गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड. ती हसत नव्हती. कॅमेऱ्याकडे, म्हणजे कापडाआडच्या बापाकडे, ती अगदी सरळ बघत होती. मनगटाचा रंग आणि गालाचा रंग आता एकच होता.

मी कागद लिंबूसत्त्वाच्या पाण्यातून काढला, राहिलेला पिवळेपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो, आणि मग जारच्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये घातला. "ओला आहे, हात लावू नको," म्हणालो. तिने ट्रेच उचलला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बसली. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर अडकून हॉर्न वाजत होते, त्यांच्याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

"चांगली हुते की रं मी," ती म्हणाली.

ते ती मला सांगत नव्हती. मी हो म्हणालो, पण ते तिला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. मी सासूचा तो प्रश्न आठवून मनातल्या मनात म्हातारीला चार शिव्या घातल्या. आक्काचं मन तिकडे गेलंच नव्हतं.

"बारक्या, तात्यांनी ह्ये बघितलं आसंल का? आसं? पेन्सिलीच्या आधी?"

नाही म्हणता आलं असतं. पण फोटोच्या कामात मला आक्काशी खोटं बोलायचं नव्हतं, ते तिच्याशी पुरेसं बोलून झालं होतं. मी सांगितलं की पेन्सिल लावायच्या आधी निगेटिव्हवरून एक साधा फोटो कागदावर काढून बघावाच लागतो, त्याशिवाय कुठे काम करायचं ते कळत नाही. तात्या प्रत्येकाचा काढायचे. समोर ठेवून त्याच्याकडे बघत बघत काम करायचे आणि काम झालं की फाडून टाकायचे.

"म्हंजी ह्योच फोटू त्यांच्याम्होरं हुता."

"हो."

"आन् त्यांनी त्यो फाडला."

आक्काने ट्रेमधलं पाणी स्थिर होऊ दिलं आणि त्या मुलीकडे परत एकदा नीट बघितलं.

"फाडायच्या आधी मला येकदा दावायचा तरी हुता," ती म्हणाली.